पक्के मास्तरांचा पाय

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पाण्याच्या पंपघरात फिटर होते. नट आवळून झाला की त्यावर पान्याने हलकी टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "पक्कं." एवढ्यावरून तिथे त्यांचं नाव पक्के मास्तर पडलं, आणि खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

घरातही तोच खाक्या. कपाटाची बिजागरी, कढईचा कान, दाराची कडी, काही म्हणून हलता कामा नये. पाहुणा बसला आणि खुर्ची कुरकुरली, तर हे पाहुण्याला उठवून खुर्ची उलटी करायचे, आणि तो बिचारा चहाचा कप हातात धरून भिंतीला टेकून उभा. मी ताईला म्हणायचे, "तुझं बरं आहे बाई, लग्नातच आवळून ठेवलंय तुला, सुटायची भीती नाही." मेहुणी असल्यामुळे मला तेवढं बोलायची मुभा होती. मी त्यांच्याकडेच राहत होते. रस्त्याच्या टोकाला माझा शिवणकामाचा गाळा होता.

त्यांची एक गोष्ट मात्र मी मनापासून मानायचे. पंपघरातून एखादा निकामी भाग निघाला की तो भंगारात टाकायचा नाही, हा त्यांचा नियम. आधी रॉकेलमध्ये धुवायचा, फडक्यावर मांडायचा, मग उजेडात फिरवून फिरवून बघायचा. कुठे झिजलाय, कुठे चिरलाय, तापून कुठे निळा पडलाय. बाकीचे भोवती उभे. मग निकाल. निकाल दोनच प्रकारचे असायचे, 'भागाची चूक' किंवा 'बसवणाऱ्याची चूक'. पहिला निकाल क्वचितच लागायचा. दुसरा लागला की ज्याने बसवलं त्याची त्या दिवशी काही धडगत नसायची.

पाय मोडला तोही असाच. मोठी मोटर साखळीला टांगून वर घेत होते. कडीची पिन कुणीतरी पूर्ण फिरवली नव्हती. ती निसटली, मोटर कलली आणि भाऊजींच्या नडगीवर आली. हाड कातडी फाडून बाहेर. सांगणारे सांगतात की माणूस जमिनीवर पडलाय, रक्ताचं थारोळं झालंय, आणि म्हणतोय, "ती पिन दाखवा." दाखवली. त्यांनी आट्यांवरून नख फिरवलं. "दोन आटे कमी भरलेत. बसवणाऱ्याची चूक." आणि मग शुद्ध हरपली.

पुढचं सगळं सांगत बसले तर माझंच डोकं उठेल. आधी हाडावर धातूची पट्टी बसवली, आत पू झाला, पट्टी काढली. मेलेलं हाड खरवडून काढलं. शेवटी डॉक्टरबाईंनी पायाभोवती लोखंडी सांगाडा बसवला. चार कड्या, कड्यांना जोडणारे उभे गज, गजांवर नट, आणि कड्यांमधून हाडाच्या आरपार गेलेल्या तारा. ताईने तो पाहिला आणि तोंड फिरवलं. भाऊजींचा चेहरा मात्र कित्येक दिवसांनी उजळला. "हे मला समजतं," ते म्हणाले, आणि एकेका नटावर बोट ठेवून बघत राहिले.

मी त्यांच्या सगळ्या विजारींची डाव्या बाजूची शिवण उसवून तिथे बटणं लावून दिली, म्हणजे सांगाड्यावरून विजार घालता येईल. घरात आम्ही त्याला पिंजरा म्हणायचो. ताई रोज मिठाच्या कोमट पाण्याने तारांची भोकं पुसायची. वास यायचा. खिडक्या उघड्या टाकल्या तरी यायचा. येणारेजाणारे तो वास नाकात घेऊन सल्ले द्यायचे आणि निघून जायचे.

हाड काही जुळेना. दर वेळी फोटो काढायचा, दर वेळी तीच काळी फट. बरोबरीने पाय मोडलेले लोक चालायला लागले, कामावर गेले, एकजण तर जिना उतरताना दुसरा पाय मोडून परत आला आणि तोही जुळला. भाऊजी तिथेच. पंपघरात ते मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या पंपावर ठेवून दांडा कानाला लावायचे, आत काय बिघडलंय ते आवाजावरून ओळखायचे. एक दिवस मी घरी जेवायला आले तर हे खिडकीशी बसून तोच स्क्रू ड्रायव्हर पिंजऱ्यावर टेकवून कान लावून बसलेले.

"काय ऐकताय?"

"काही नाही," ते म्हणाले. "आत कुणी कामावरच नाहीये."

मला हसू आलं, आणि हसल्याबद्दल मी स्वतःची जीभ चावली.

डॉक्टरबाईंनी मग पुन्हा एकदा पाय उघडला. फटीत जे काही साचलं होतं ते साफ केलं, त्यातला एक तुकडा प्रयोगशाळेत दिला आणि कमरेच्या हाडातला मगज काढून फटीत भरला. त्या वेळीच त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, की आता हा पाय फार वेळा उघडता येणार नाही. ह्यानेही जुळला नाही आणि जंतू पुन्हा वर चढले, तर गुडघ्याखाली कापावा लागेल. ताई तिथून बाहेर येईपर्यंत ठीक होती. बाहेर आल्यावर मात्र ती चपला तिथेच विसरून फाटकाकडे निघाली.

काही आठवड्यांनी आम्ही तिघं पुन्हा त्यांच्या खोलीत गेलो. बाईंनी टेबलावर एक रंगीत फोटो ठेवला. फिकट जागेवर लाल लाल ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ.

"ह्या तुमच्याच पेशी आहेत, मास्तर. फटीतल्या," बाई म्हणाल्या. "तिथे त्या हाड करायचं सोडून नुसती चिवट साल धरून बसल्या होत्या. आम्ही समजलो, ह्या संपल्या. प्रयोगशाळेत त्यांना बशीत ठेवलं, हाड करायला जे लागतं ते खाणं घातलं, आणि त्यांनी कॅल्शियम धरलं. हा लाल रंग फक्त त्याच्यावर चढतो."

भाऊजी फोटोवर वाकले. "म्हणजे काम येतं त्यांना?"

"येतं."

"मग पायात घोडं कुठे अडलंय? बशीत करतात आणि घरात हातावर हात ठेवून बसतात?"

"ते पुरतं कुणालाच उमगलेलं नाही. रक्त कमी पोचत असेल. जंतूंनी त्रास दिला असेल. आणि एक असतं, हाडाला भार कळावा लागतो. थोडं दाबलं जातंय, थोडं हलतंय, हे कळलं की पेशींना निरोप जातो, की बाबांनो, इथे हाड लागणार आहे." त्यांनी एक छोटा पाना घेतला आणि गजांवरचे नट एकेक करून किंचित सैल केले. "आजपासून सगळा भार पिंजऱ्याने उचलायचा नाही, थोडा हाडाने घ्यायचा. चालताना आत दबल्यासारखं वाटेल. दुखेल. तरी चाला."

भाऊजींनी मान डोलावली. पण ते बाईंकडे बघत नव्हते, त्या पान्याकडे बघत होते.

घरी आल्यावर तो आवाज सुरू झाला. पाऊल टेकलं की टिक. उचललं की टिक. आम्हाला तो ऐकू यायचा म्हटला तर यायचा. पण भाऊजींचा जेवताना घास अडायचा. खुर्चीत बसून ते पिंजऱ्याची वरची कडी धरायचे, किंचित हलवायचे, आणि तोंड कडू झाल्यासारखं करायचे. "प्ले आहे," म्हणायचे, म्हणजे सैलपणा. ताई म्हणाली, "बाईंनीच ठेवलाय ना तो?" "हो," म्हणाले. मग थोड्या वेळाने, आपल्याशीच, "इतका?"

आणि एक दिवस आवाज थांबला. दुखणंही थांबलं. भाऊजी काठी टेकत माझ्या गाळ्यापर्यंत चालत आले, येताना वाण्याकडून साबण घेऊन आले. ताईच्या जिवात जीव आला. कितीतरी महिन्यांनी तिने पडदे धुतले, आरशासमोर उभं राहून केस विंचरले. आम्हाला वाटलं, आतून धरलं. दुसरं काय वाटणार? माणसाचं दुखायचं थांबलं की बरं झालं, एवढंच आम्हाला ठाऊक.

पुढचा फोटो काढला तेव्हा आम्ही मुद्दाम चांगले कपडे घालून गेलो होतो.

बाईंनी फोटो उजेडावर धरला, मग आधीचा फोटो काढून त्याच्या शेजारी धरला. फट होती तशीच होती. मगज भरला तेव्हा कडेला थोडं धुरकट दिसायला लागलं होतं, तेही विरून गेलं होतं.

"भार टाकत होता ना?"

"रोज," भाऊजी म्हणाले. "वाण्यापर्यंत जाऊन येतो. दुखतही नाही."

"दुखत नाही?"

बाई उठल्या. खाली बसल्या, अगदी जमिनीवर. एका हाताने वरची कडी धरली, दुसऱ्याने खालची, आणि दोन्ही एकमेकींकडे दाबून पाहिल्या. काही हललं नाही. मग त्यांनी एका नटाच्या कडांवरून बोट फिरवलं. कडा ताज्या घासल्यासारख्या चमकत होत्या.

"हे कुणी आवळले?"

"मी," भाऊजी म्हणाले. लाज नाही, संकोच नाही. जरा कौतुकाच्या अपेक्षेनेच म्हणाले असतील. "तुम्ही सैल केले होते ते ठीक, पण फारच सैल राहिले होते, बाई. हलत होतं. मी सगळे सारखे आवळून घेतले. आता पक्कं आहे."

बाई जमिनीवरून उठल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "ते हलणंच औषध होतं."

भाऊजींना ते लगेच कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले, जणू मी समजावून सांगणार होते.

"तुम्ही वाण्यापर्यंत चालत गेलात तो सगळा भार पिंजऱ्याने उचलला," बाई म्हणाल्या. "हाडाला पत्ताच नाही की तुम्ही चालताय. पेशींना काय कळणार?"

मग मात्र त्यांना कळलं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला तो आजही डोळ्यांपुढे आणवत नाही. बाईंनी पाना काढला, नट पुन्हा सैल केले. दोन तारांशी पू दिसत होता. त्याचं औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, "अजून थोडा वेळ आहे. पण फार नाही."

घरी आल्यावर मी बोलले. माझी जीभ म्हणजे कात्रीच. पंप आणि माणसाचा पाय ह्यात काही फरक आहे की नाही, इतकी वर्षं लोकांच्या चुका काढल्या आणि आपल्या वेळी डोकं कुठे गहाण टाकलं होतं, असं मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. ताई म्हणाली, "गप्प बस." मी बसले नाही. भाऊजी सगळं ऐकून घेत होते. माझं संपल्यावर ते आत गेले आणि हत्यारांची पिशवी घेऊन आले. जड पिशवी, एका हातात काठी. माझ्या पायाशी ठेवली.

"गाळ्यात ने. कुलपात ठेव. मी मागितलं तरी देऊ नकोस."

मी पिशवी उचलली तेव्हा त्यांनी विचारलं, "तू कपड्यात मोकळीक किती सोडतेस?"

"दोन बोटं."

"का?"

"माणूस श्वास घेतो म्हणून, भाऊजी."

त्यांनी आपली दोन बोटं जुळवून बघितली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. टिक, टिक. व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कठडा धरून. घामाने सदरा पाठीला चिकटायचा. आता दुखत होतं, आणि दुखतंय म्हणजे बरोबर चाललंय असं ते स्वतःला बजावत होते. पण दुखणं त्यांना सोसवलं असतं, ते हलणं सोसवत नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर काहीही हलू दिलं नाही, त्याच्या अंगालाच हलतं काहीतरी बांधून ठेवलं होतं. रात्रंदिवस ते त्याच्याबरोबर होतं. ताई म्हणायची, "झोपेत त्यांची बोटं नट फिरवतात गं."

एका दुपारी ते गाळ्यात आले. मी एक झगा शिवत होते. दारात उभं राहून म्हणाले, "फक्त एक दे. दहा नंबरचा पाना."

"नाही."

"आवळणार नाही. नुसता लावून बघतो. किती सैल आहे ते तरी कळू दे."

"भाऊजी, घरी जा."

ते आत आले, स्टुलावर बसले, आणि कपाटाच्या कुलपाकडे बघत रडायला लागले. पन्नाशी ओलांडलेला माणूस. हात मांडीवर पालथे. "मला नाही जमत गं," म्हणाले. "मला दुसरं काही सांगा. उपाशी राहा म्हणा. हे नाही जमत." मी किल्ली पोलक्यात खोचली आणि मशीन चालवत राहिले. कापड उलटं लागलंय हेही मला दिसत नव्हतं. शेवटी ते उठले. टिक, टिक करत रस्त्याने गेले. मी पाना दिला नाही. दुसरं मी काय करू शकत होते?

पान्याने मात्र दगा दिला नाही, पुवाने दिला. तारांची भोकं लाल झाली, मग पोटरी तापली, मग अंग. थंडी वाजून दात वाजायला लागले. रुग्णालयात नेईपर्यंत ते ताईला ओळखत होते, मला नाही. बाईंनी दोन दिवस औषधांचा मारा करून पाहिला. तिसऱ्या दिवशी हात टेकले. "आता पाय की माणूस, एवढंच उरलंय," त्या म्हणाल्या. ताईने सही केली. तिची सही नेहमी गोल आणि नीट असते. ती वाचताही येत नव्हती.

आत न्यायच्या आधी भाऊजींना थोडी शुद्ध होती. त्यांनी बाईंना खूण करून जवळ बोलावलं.

"काढलेला भाग मला दाखवायचा."

"मास्तर, ते कशाला..."

"दाखवायचा. भाग बघितल्याशिवाय मी कधी सोडलेला नाही."

बाईंनी ताईकडे बघितलं. ताईने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

ताप उतरला. माणूस राहिला. गुडघ्याखाली चादर सपाट होती आणि आम्ही सगळे तिकडे न बघण्याची कसरत करत होतो. भाऊजी तिकडेच बघायचे. जेवायचे, औषध घ्यायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. आणि बाई फेरीला आल्या की एकच, "भाग?"

शेवटी एका सकाळी बाई आल्या त्या हातात काचेची बरणी घेऊन. खोलीत त्या आत येईनात. ताईला आणि मला त्यांनी दाराबाहेर बोलावलं. "हाड कापून आम्ही आतून बघितलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दाखवू का नको, तुम्ही सांगा." आणि त्यांनी आम्हाला काय दिसलं ते सांगितलं. ताईने खोलीचं दार ओढून घेतलं.

"नका दाखवू," मी म्हणाले.

"बाहेर काय कुजबुज चाललीय?" आतून आवाज आला. "आणा इकडे. आणि फडकं द्या कुणीतरी."

माझ्या पिशवीत कापडाची एक पट्टी होती. ती मी त्यांच्या मांडीवर पसरली. बाईंनी बरणी त्यावर ठेवली. पातळ औषधात नडगीचा तुकडा, उभा चिरलेला. भाऊजींनी बरणी खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि फिरवायला लागले, पंपघरात फिरवायचे तशीच, सावकाश, घाई न करता. हात स्थिर होते. समोरून फट दिसत होती, करडी, रिकामी. त्यांनी बरणी आणखी फिरवली आणि थांबले. मागच्या बाजूला, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, नखाएवढ्या रुंदीचं काहीतरी फिकट, खडबडीत. एका काठावरून दुसऱ्या काठाला जाऊन भिडलेलं.

त्यांनी काचेवरून त्याच्यावर नख ठेवलं. "हे नवीन आहे."

"हो," बाई म्हणाल्या.

"कधीचं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "दुसऱ्यांदा सैल केलं, त्यानंतरचं."

"म्हणजे लागल्या होत्या कामाला."

"लागल्या होत्या."

"पहिल्यांदा सैल केलं तेव्हापासून तसंच राहिलं असतं, तर पुवाच्या आधी भरलं असतं?"

"ते असं सांगता येत नाही, मास्तर."

"येतं," भाऊजी म्हणाले.

ते पुन्हा बरणीकडे वळले. खाली बघून, वर बघून, दोन्ही टोकं पाहून घेतली, कुठे दुसरं काही सुटलंय का ते पाहिलं. मग फडक्याने बरणी बाहेरून पुसली आणि मांडीवर ठेवली. हे झालं की पुढे काय, ते ताईला माहीत होतं, मला माहीत होतं. इतकी वर्षं आम्ही ते जेवणाच्या ताटावर ऐकत आलो होतो.

"भागाची चूक नव्हती," ते म्हणाले.

ताई झटकन पुढे झाली आणि तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. पुढचं ते तिच्या तळहातात बोलले. तिने हात काढला नाही.